एकाच भावकीतले ताप

सोयरिकीच्या बैठकीत आमच्या घराकडून एक प्रश्न मी विचारते. शिक्षण, शेती, देणेघेणे हे पुरुषमंडळी बोलतात. मुलीचे शरीर निरोगी आहे ना, कधी मोठे आजारपण झाले होते का, हे मात्र घरातल्या वडीलधाऱ्या बाईने विचारायचे आणि मुलीच्या आईने चारचौघांत उत्तर द्यायचे, अशी आमच्याकडची रीत आहे. माझा नातू रामप्रसाद याच्यासाठी आम्ही पालमकडची शिवकन्या पाहायला गेलो, तेव्हा तिच्या आईला, धुरपदाबाईंना, मी हे विचारले. त्यांनी पदर सावरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, "आमच्या पोरीनं अजून दवाखान्याची पायरी पाहिली न्हाई, जिजी. टणटणीत हाय."

बैठकीतल्या प्रत्येकाने हे उत्तर ऐकले. सुपारी फुटली आणि त्याच उन्हाळ्यात लग्न झाले.

शिवकन्या आमच्या घरात चांगली रुळली. रामप्रसादची आई तो लहान असतानाच गेली, त्यामुळे स्वयंपाकघरात मी आणि एक कामाची बाई, एवढ्याच होतो. तिथे ही आली. बोलायची कमी, पण भाकरी थापताना गुणगुणायची. दुसऱ्या वर्षी तिला दिवस राहिले. माझे पतवंड या घरात खेळणार म्हणून मी तेव्हापासूनच जुन्या मऊ लुगड्यांच्या दुपट्यांची शिवण काढली होती.

आमचे गाव सेलूपासून फार लांब नाही, पण नळाला पाणी आठवड्यातून एकदाच येते. त्यामुळे प्रत्येक घरात पाणी साठवलेले असते: रांजण, पिंप, टाक्या. आमच्या परसात सिमेंटचा मोठा हौद आहे. त्या वर्षी गणपती उठल्यावर गावात तापाची साथ आली. आरोग्य खात्याची माणसे घरोघर फिरली आणि आमच्या हौदात बॅटरीचा उजेड टाकून म्हणाली, "आजी, अळ्या हायत." ज्या घरातून पाहुण्याला पाण्याचा तांब्या भरून दिला जातो, त्या घराच्या पाण्यात अळ्या निघाव्यात हे मला फार लागले. मी त्याच दिवशी हौद उपसून, घासून, उन्हात वाळवून घेतला. पण डास व्हायचे ते होऊन गेले होते.

आधी माझा मुलगा आप्पाराव, म्हणजे रामप्रसादचा बाप, तापाने पडला. तो उठतो न उठतो तोच शिवकन्या पडली. तिला पाचवा महिना लागायचा होता. ताप, सांधे धरलेले, डोळे लाल, आणि अंगभर बारीक पुरळ. काही दिवसांत ताप उतरला, पुरळही गेले. ती उठून कामाला लागू पाहत होती, तिला मी बसवून ठेवले. सेलूच्या डॉक्टरांनी डेंगीची साधी तपासणी केली. ती नकारार्थी आली. तरीही त्यांना चैन पडेना. म्हणाले, "पोटुशी बाई आहे आणि पुरळ होतं, परभणीला दाखवा."

परभणीला डॉक्टर भक्ती म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत. वयाने लहान, बोलायला स्पष्ट. त्यांनी सोनोग्राफी केली, ती चांगली निघाली. रक्त मात्र त्यांनी दोन ठिकाणी पाठवले. एक मोठ्या शहरातल्या खासगी प्रयोगशाळेत, कारण तिथून उत्तर लवकर येते. दुसरे सरकारी मार्गाने पुण्याला, कारण तिथे अधिक कसाची तपासणी होते.

खासगी अहवाल आला तेव्हा त्यांनी आम्हाला बोलावून घेतले. मी, रामप्रसाद आणि शिवकन्या असे तिघे त्यांच्यासमोर बसलो.

"आजी, झिका नावाचा एक विषाणू आहे," त्या म्हणाल्या. "डेंगीचा डास चावतो ना, त्याच डासातून तो येतो. मोठ्या माणसाला थोडा ताप येऊन जातो, बाकी काही होत नाही. पण बाई गरोदर असेल तर तो गर्भापर्यंत पोचू शकतो. मग बाळाचा मेंदू नीट वाढत नाही, डोकं लहान राहतं. प्रत्येक वेळी असं होतंच असं नाही. पण होतं."

"हिला तो झालाय?" रामप्रसादने विचारले.

"ताप येऊन गेल्यावर विषाणू स्वतः रक्तात सापडणं कठीण असतं. त्याला ओळखून धरणारी प्रतिपिंडं तेवढी मागे राहतात. हिच्या रक्तात झिकाला धरणारी प्रतिपिंडं सापडली आहेत." मग त्या शिवकन्येकडे वळल्या. "आता मी विचारते त्याचं नीट आठवून उत्तर दे. याआधी तुला कधी डेंगी झाला होता? लग्नाआधी, शाळेत असताना, कधीही?"

शिवकन्येने माझ्याकडे पाहिले. मग ती आपल्या पायातल्या जोडव्यांकडे पाहत राहिली. "न्हाई," ती म्हणाली.

"नक्की? यावर बरंच अवलंबून आहे."

ती काही बोलण्याआधी मी म्हणाले, "मॅडम, सोयरिकीच्या वेळी मी स्वतः विचारून घेतलंय. हिला कधी काही झालेलं नाही."

डॉक्टर भक्तींनी मान हलवली. "मग मला हे उत्तर गंभीरपणे घ्यावं लागेल. डेंगी आधी झालेलाच नसेल, तर ही प्रतिपिंडं झिकाचीच असण्याची शक्यता जास्त. तरी पुण्याचं उत्तर येऊ द्या असं मी म्हणेन. मात्र विसावा आठवडा लक्षात ठेवा. तोपर्यंत गर्भ काढायचा निर्णय सोपा असतो. पुढे दोन डॉक्टरांची मतं लागतात, कारणं लागतात, आणि बाईच्या जिवालाही त्रास जास्त."

आम्ही गावी परतलो.

गावात ही गोष्ट आमच्या आधी पोचली होती. संध्याकाळी शेजारची दगडाबाई येऊन ओसरीवर टेकली. ती माझ्याच वयाची, आणि तिच्या तोंडाला कधी कुलूप नसते. "काय जिजी, डास चावल्यानं लेकराचं डोकं बारीक होतंय म्हणं?"

"होतं म्हणतात."

"मंग या गावात लय पिढ्यांपासून चावायलेत की. म्हणून तर असली माणसं निपजली. आपल्या सरपंचाचंच बघा."

कामाची बाई हसली. मीही हसले असेन. आप्पाराव हसला नाही. तो उठून माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"जिजी, वेळ घालवू नका. मी पंचायत समितीत माणसं बघितलीत, असल्या लेकराला उचलून आणत्यात अपंगाच्या दाखल्यासाठी. वीस वर्षांचं लेकरू अन् बापाच्या खांद्यावर. आपल्याला न्हाई झेपायचं ते."

"बाबा, पुण्याचा रिपोर्ट तर येऊ द्या," रामप्रसाद म्हणाला.

"अन् तवर तारीख गेली म्हंजे?"

"डॉक्टरीणबाई थांबा म्हणल्या."

"डॉक्टरीणबाईला सांभाळायचंय का ते लेकरू?"

मी दोघांचे ऐकून घेतले. शिवकन्या आत चुलीपाशी बसली होती. तिला सगळे ऐकू जात होते. मी रात्रभर विचार केला नाही. मला तेवढा वेळ लागत नाही. जन्मभर दुसऱ्याच्या हाताने जेवेल असा जीव जाणूनबुजून जगात आणू नये, असे माझे मत होते आणि आहे. मी सांगितले, "गर्भ ठेवायचा नाही. येत्या सोमवारी परभणीला जायचं." आप्पारावने सुटकेचा श्वास टाकला. रामप्रसाद उठून गोठ्याकडे गेला. शिवकन्येने आतून विचारले, "जिजी, भाकरी वाढू का?"

धुरपदाबाई रविवारी आल्या. पालमहून गंगाखेड, गंगाखेडहून परभणी, परभणीहून सेलू, अशा एसट्या बदलत, मांडीवर लेकीसाठी डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन आल्या. लाडू बाळंतिणीसाठी करतात. त्यांनी तो डबा फळीवर कोपऱ्यात सरकवून ठेवला आणि कोणी त्याबद्दल विचारले नाही.

सोमवारी सकाळी गाडी दारात उभी होती. धुरपदाबाई लेकीची पिशवी भरत होत्या. शिवकन्या न्हाऊन आली, ओले केस पंच्यात गुंडाळलेले, आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"जिजी, मला डेंगी झालता."

मला आधी उमजले नाही. "कधी?"

"बारावीला व्हते तवा. गंगाखेडच्या दवाखान्यातून नांदेडला नेलतं. प्लेटलेट चढवल्या व्हत्या."

"काय बी काय बोलायलीस!" धुरपदाबाई पिशवी टाकून उठल्या. "जिजी, पोरगी भेदरलीय. तिच्या बोलण्यावर जाऊ नका तुमी. साधा ताप व्हता, हिवताप का काय म्हणत्यात तो."

"माय, आता तरी गप बैस. माझ्या उशाला तूच बसली व्हतीस ना? नाकातून रक्त आलतं तवा तूच पदर धरलतास."

मी धुरपदाबाईंकडे वळले. मी त्यांना म्हणाले, "धुरपदाबाई, बैठकीत मी तुम्हाला काय विचारलं होतं?"

"विचारलं व्हतं."

"आणि तुम्ही काय सांगितलंत?"

त्या बाईने माझ्यासमोर मान वर केली. त्याआधी त्यांनी ती कधी केली नव्हती. "खरं सांगितलं असतं तर सुपारी फुटली असती का? दोन ठिकाणं आधीच मोडली व्हती, जिजी. एका बैठकीत पोरीच्या मावशीनं नांदेडच्या दवाखान्याचं नाव काढलं, तर रक्ताचं कायतरी हाय म्हणून लोकं ताटावरून उठली. बाहेरचं रक्त चढवलेली पोरगी कोण करून घेतंय? तुमी घेतली असती?"

त्या प्रश्नाचे उत्तर मला येत होते.

शिवकन्येला मी विचारले, "त्या दिवशी डॉक्टरांसमोर का बोलली नाहीस?"

"तुमी शेजारीच बसल्या व्हत्या," ती म्हणाली.

आप्पारावचा आवाज चढला. फसवणूक झाली, सोयऱ्यांनी तोंडावर खोटे सांगितले, आता ही माणसे कोणत्या तोंडाने या घरात जेवणार, असे त्याने पुष्कळ काही सुरू केले. मी त्याला थांबवले. फसवणूक झाली होतीच आणि तिचा हिशेब मी धुरपदाबाईंशी करणार होते. पण गाडी दारात उभी होती. मी म्हणाले, "आप्पाराव, तू घरी थांब. रामप्रसाद, गाडी काढ. धुरपदाबाई, तुम्हीही चला. नांदेडच्या दवाखान्यात काय काय झालं ते डॉक्टरांना तुमच्या तोंडाने सांगायचं."

त्यांनी सांगितले. डॉक्टर भक्ती शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाल्या, "हे मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं."

"कळायला हवं होतं," मी म्हणाले. "कळलं नाही. आता कळलंय. याने काय बदलतं ते सांगा."

त्या खुर्चीत पुढे सरकल्या. "डेंगी आणि झिका एकाच कुळातले विषाणू आहेत. इतके सारखे, की एकाला धरण्यासाठी तयार झालेली प्रतिपिंडं दुसऱ्यालाही चिकटतात. ज्याला आधी डेंगी होऊन गेलाय त्याला पुन्हा डेंगी झाला, तर त्याच्या रक्तात जुनी आणि नवी प्रतिपिंडं एकदम उसळतात. मग झिकाची तपासणी केली तरी 'आहे' असं उत्तर येऊ शकतं. सेलूची डेंगीची तपासणी नकारार्थी आली म्हणता, तर दुसऱ्या वेळच्या डेंगीत तसंही होतं."

मला हे समजायला अडचण पडली नाही. आमच्या गावात एकाच आडनावाची अर्धी घरे आहेत, एकच नाक, एकच भुवया, एकच चाल. एकदा बाहेरून आलेल्या हवालदाराने वॉरंट एकाचे असताना त्याच्या चुलतभावाला धरून सेलूला नेले होते. त्या चुलतभावाने वाटभर आपले नाव ओरडून सांगितले. हवालदाराला चेहरा पटला होता, नावाची त्याला गरज वाटली नाही. हे रक्तातले हवालदारही तसेच. भावकीचा चेहरा ओळखतात, माणूस ओळखत नाहीत.

"म्हंजे डेंगीच व्हता," रामप्रसाद म्हणाला. "मॅडम, म्हंजे बाळाला काही न्हाई."

"तसं मी म्हटलं नाही. डेंगी असेल, झिकाही असेल. गेल्या वेळी मी या कागदाला वजन दिलं. आज त्याला काहीच वजन नाही, एवढंच बदललंय. पुण्याला हिचं रक्त खऱ्या विषाणूंसमोर ठेवतात आणि ते कोणाला निकामी करतं ते पाहतात. त्या उत्तराची वाट बघू."

ते ऐकून मी माझा हुकूम फिरवला. पुराव्याशिवाय जीव जाऊ द्यायचा नाही, हेही माझे मत होते आणि आहे. घरी आल्यावर सगळ्यांना बसवून सांगितले, "पुण्याचं उत्तर येईपर्यंत या घरात कोणी या विषयावर तोंड उघडायचं नाही." धुरपदाबाईंना मी परत पाठवले नाही. लेकीजवळ राहू दिले. त्यांच्याशी बोलले मात्र नाही. त्या आमच्या स्वयंपाकघरात परक्या बाईसारख्या वावरत, भांडे कुठे ठेवायचे हेही कामाच्या बाईला विचारत.

कापसाची पहिली वेचणी सुरू झाली होती. पडवीत पांढरे ढीग पडू लागले. रामप्रसाद सेलूला जिनिंगवर जाऊन आला की आधी बायकोच्या तोंडाकडे बघायचा. एकदा मी त्याला तिच्याजवळ बसून हसताना ऐकले. "मुलगा झाला तर डेंगीराम नाव ठेवू," तो म्हणत होता. "अन् पोरगी झाली तर?" "तर तुझ्या मायचं नाव. तुमी दोघी मायलेकी सारख्याच, खरं सांगत न्हाईत." शिवकन्येने त्याला कापसाचे बोंड फेकून मारले. मी आत आले तशी दोघे उठून उभी राहिली.

पुण्याचे उत्तर आले तेव्हा विसाव्या आठवड्याला काहीच दिवस उरले होते. डॉक्टर भक्तींनी पुन्हा सोनोग्राफी केली, मग आम्हाला आत घेतले. यावेळी धुरपदाबाईही होत्या.

"सोनोग्राफी आजही ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण डोक्याच्या वाढीतला फरक पुष्कळदा सातव्या-आठव्या महिन्यात दिसतो, त्यामुळे आजच्या 'ठीक'वर मी सही करू शकत नाही. पुण्याचं उत्तर असं आहे की हिच्या रक्तानं दोन्ही विषाणूंना निकामी केलं. जवळपास सारख्याच ताकदीनं. त्यामुळे यावेळचा ताप कोणाचा होता ते ठरवता येत नाही."

"ठरवता येत नाही म्हणजे?" मी विचारले.

"म्हणजे ठरवता येत नाही, आजी. ते लोक खोटं लिहीत नाहीत. ज्याला आधी एकदा डेंगी होऊन गेलाय, त्याच्या बाबतीत सगळ्यात कसाची तपासणीही कधीकधी इथेच थांबते."

"दुसरं काही?"

"गर्भाभोवतालचं पाणी सुईने काढून तपासता येतं. त्यासाठी मोठ्या शहरात जावं लागेल. त्यात विषाणू सापडला तर तो आहे हे पक्कं. सापडला नाही तर तो नाहीच, असं पक्कं होत नाही. सुई घालण्यात गर्भ पडण्याची थोडी भीतीही असते. किंवा काहीच न करता दर काही आठवड्यांनी सोनोग्राफी करत राहायचं आणि वाट पाहायची."

रामप्रसाद माझ्याकडे पाहत होता. मी म्हणाले, "वाट पाहायची. गर्भ राहील."

डॉक्टर भक्तींनी हातातली लेखणी खाली ठेवली. "आजी, तुम्ही सगळे जरा बाहेर बसा. सही कायद्याने हिचीच लागते. मला हिच्याशी एकटीशी बोलायचंय."

मला आजवर कोणी खोलीबाहेर बसायला सांगितलेले नाही. मी उठले आणि बाहेर जाऊन बसले. दार बंद झाले. मग आतून शिवकन्येचा आवाज आला, शब्द कळत नव्हते, पण ती रडत नव्हती एवढे कळत होते. ती एकटी आणि इतके बोलते आहे, हे मी प्रथमच ऐकत होते.

दार उघडून ती बाहेर आली. दवाखान्याच्या त्या बोळात, इतर बायका बसलेल्या असताना, ती माझ्यासमोर उभी राहिली.

"जिजी, मी सही केली. पिशवी रिकामी करायची."

रामप्रसाद उठला. "अगं पण रिपोर्टमधी तसं काहीच न्हाई ना! कशाला मंग?"

"रिपोर्टमधी कायच न्हाई. म्हणूनच." ती त्याच्याशी न बोलता माझ्याशी बोलत होती. "तुमी आधी काढा म्हणलात, मी गाडीत बसले. मंग ठेवा म्हणलात, तवा बी मी गाडीत बसून घरी आले. आता मी सांगते. हे लेकरू झालं तर पहिल्या दिवसापासून समदे त्याच्या डोक्याकडं बघतील. बसायला उशीर झाला तर बघतील. बोलायला उशीर झाला तर बघतील. आमच्या नात्यातलं एक लेकरू चार वर्षांचं झालं तवा बोललं, आता शाळेत पहिलं येतंय. हे तसं चार वर्षं गप राहिलं तर तुमी गप राहाल का? मामंजी राहतील का? त्याच्या लग्नाच्या बैठकीत बी कुणी तरी विचारंलच की."

"मी कोणाला बोलू देणार नाही," मी म्हणाले.

"बोलू देणार न्हाई. बघण्याचं काय करणार?" ती थांबली. "अन् दुसऱ्याचं जाऊ द्या. मीच बघीन. टाळू भरली का म्हणून रोज हात लावून बघीन. मला त्या लेकराला असं वाढवायचं न्हाई."

धुरपदाबाईंनी तिचा हात धरला. "पोरी, असं करू नको. माझ्या चुकीची शिक्षा त्याला देऊ नको."

"माय, तुझी चूक न्हाई ही," शिवकन्या म्हणाली. "तू खरं सांगितलं असतं तरी मी हितं न्हाई, तर दुसरीकडं असते, अन् तिथंबी कुणीतरी विचारून घेतलंच असतं."

मी तिला पुन्हा विचार करायला सांगितले. माझ्या आवाजाला घरात नकार मिळत नाही. तिने नकार दिला नाही, नुसते ऐकून घेतले, आणि परिचारिका बोलवायला आली तेव्हा तिच्याबरोबर निघून गेली. जाताना डॉक्टरांनी तिला विचारलेले मी ऐकले: निघेल तो अंश पुण्याला पाठवू का, त्यातून कदाचित नक्की कळेल. ती म्हणाली, "पाठवा. मला कळलं पाह्यजे."

औषधे देऊन, कळा येऊन, सगळे व्हायला दुसरा दिवस उजाडला. मी आणि धुरपदाबाई बोळातल्या एकाच बाकावर बसून होतो. आतून तिचे कण्हणे यायचे तेव्हा धुरपदाबाई बोटे मोडत, मी समोरच्या भिंतीकडे पाहत असे. सकाळी आप्पाराव चहाचा थर्मास घेऊन आला. कप मात्र एकच होता. तो भरून मी धुरपदाबाईंना दिला. त्यांनी अर्धा पिऊन उरलेला माझ्यापुढे धरला आणि मी तो घेतला. आमच्यातले बोलणे एवढेच.

परिचारिका दारात आली. "शिवकन्याचं कोण आहे?"

आम्ही दोघीही उठलो.

"तिच्या नवऱ्याला पाठवा. बाकी कुणी नको म्हणाली."

रामप्रसाद खाली औषधांच्या दुकानात गेला होता. आप्पाराव त्याला बोलवायला धावला. आम्ही दोघी उभ्याच होतो.

घरी आल्यावर ती माहेरी गेली नाही. धुरपदाबाई फार विनवून थकल्या आणि एकट्याच पालमला परतल्या. त्यांचा डबा फळीवर राहिला. लाडू खवट होऊ लागले तेव्हा मी तो गड्याकडून गुरांपुढे रिकामा करवला. दिवाळी आली आणि गेली. शिवकन्येला पहिले काही दिवस दूध सुटत होते. तिने छातीला फडके आवळून बांधले होते, आणि ते ओले झाले की स्वतःच परसात जाऊन धुऊन टाकी. मी मदत करू गेले तर म्हणाली, "राहू द्या जिजी, जमतंय."

पुण्याहून आलेले उत्तर डॉक्टर भक्तींनी थेट तिलाच फोन करून सांगितले. ती तेव्हा पडवीत कापूस निवडत होती, आम्ही सगळे तिथेच होतो. तिने फोन कानाशी धरून ऐकले, दोनदा "हो मॅडम" म्हटले आणि फोन खाली ठेवला.

"न्हवता," ती म्हणाली. "झिका सापडला न्हाई. मॅडम म्हणल्या, न्हवताच म्हणा."

आप्पाराव म्हणाला, "म्हंजे डेंगीच व्हता." बोलल्यावर त्याला स्वतःलाच कसेसे झाले असावे; तो उठून बाहेर गेला. रामप्रसादने तोंड दोन्ही हातांत धरले. शिवकन्येने पुढ्यातला कापूस ओढून घेतला आणि त्यातला पाचोळा काढू लागली. मी तिच्यासमोर बसले आणि तिच्याच ढिगातला कापूस निवडू लागले. ती तशीच काम करत राहिली.

त्यानंतर मी घरात ताकीद दिली की तिला कोणी काही विचारायचे नाही. ती ताकीद सगळ्यांनी पाळली, मीही पाळली. संक्रांत जवळ आली होती. एक दिवस कामाची बाई मला बाजूला घेऊन म्हणाली, "जिजी, सूनबाईला गेल्या आठवड्यात लय ताप व्हता. दोन दिवस अंग नुसतं फणफणत व्हतं."

"आणि मला कोणी सांगितलं नाही?"

"त्याच म्हणल्या, सांगू नको."

मी स्वयंपाकघरात गेले. शिवकन्या भाकऱ्या थापत होती. गाल बसलेले होते आणि मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत मागे सरकत होत्या. मी तिच्या कपाळाला हात लावायला पुढे झाले, तशी तिने तव्यावरची भाकरी उलटण्यासाठी मान पलीकडे वळवली.

"आता बरी हाय मी, जिजी," ती म्हणाली.